टपालपेटीवरचे नाव

मुलीचे कुटुंब नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस नव्या घरात जाणार असे ठरले, तेव्हा "आई, तू ये" एवढाच निरोप आला. जावई कारखान्याच्या कामात गुंतलेले, नात सात वर्षांची, आणि नाताळच्या आत घर लागलेच पाहिजे हा मुलीचा हट्ट. मी निवृत्त. नाही म्हणण्यास कारण नव्हते.

घर स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासूनची भगिनी-शहरे. पुण्याच्या वाहन-उद्योगातून इकडे आलेले मराठी अभियंतेही बरेच. त्यामुळे पोहे आणि हिंग सहज मिळाले याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते घराचे. घर भाड्याचे, परंतु स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. भिंतीतून नळाची तोंडे तेवढी बाहेर आलेली. छतातून तारा लोंबत होत्या, दिवे नव्हते. जर्मनीत पुष्कळ भाडेकरू स्वतःचे स्वयंपाकघर स्वतःच बसवतात आणि जाताना उचलून नेतात, हे मला तिथे कळले. मध्यप्रदेशात शासकीय निवासस्थानांचा ताबा घेताना पंख्यांपासून पडद्याच्या दांड्यांपर्यंतच्या यादीवर सह्या करण्यात माझा जन्म गेला. इथे सही करावी असे काही घरात नव्हतेच.

चावी शनिवारी, 30 तारखेला मिळाली. दुसरा दिवस रविवार, म्हणजे नाताळपूर्व चार रविवारांपैकी पहिला. रविवारी भिंतीला ड्रिल लावणे म्हणजे शेजाऱ्यांशी ओळख व्हायच्या आत वैर. तेव्हा आम्ही बॅटरीच्या उजेडात खोकी उघडत बसलो. प्रत्येक खोक्यावर मुलीच्या अक्षरात देवनागरी मजकूर होता : "रसोई 1", "रसोई 2", "किताबें". मराठी घर, जर्मन गाव आणि खोक्यांवर हिंदी! मी हसले. ती म्हणाली, "आपल्या अर्दलीभैयांनी शिकवलंय. सामान तेच बांधायचे, आणि पोचल्यावर मी आणि ते उघडायचो. आई, तू कधी एक तरी खोकं उघडलं होतंस का?"

माझ्या सेवेत अकरा बदल्या झाल्या. मी पुढे जाऊन रुजू व्हायची, सामान मागून यायचे. संध्याकाळी घरी यावे तो भांडी फळीवर लागलेली असत. त्या फळ्यांवर कोणाचे हात फिरले याचा विचार मी खरोखरच केला नव्हता. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. "रसोई 2" उघडले.

प्रशासनाच्या दृष्टीने मला कुतूहल होते ते निवास-नोंदणीचे. जर्मनीच्या नोंदणी कायद्यानुसार, जो 1 नोव्हेंबर 2015 पासून लागू आहे, नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात नोंद करणे बंधनकारक आहे. कार्यालयात जाण्यासाठी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, आणि ती वेळ मुदतीच्या आत मिळणे हीच कसोटी. जावई दोन रात्री संगणकासमोर बसले तेव्हा 11 डिसेंबरची वेळ हाती लागली. कायद्याने मुदत घालायची आणि कार्यालयाने वेळ द्यायची नाही, हा प्रकार पाहून मला क्षणभर मायदेशी असल्यासारखे वाटले.

परंतु प्रत्यक्ष खिडकीवर काम दहा मिनिटांत संपले. ओळखपत्रे, एक अर्ज आणि घरमालकाचे एका पानाचे पत्र : अमुक दिवशी या व्यक्ती माझ्या घरात राहायला आल्या. हे पत्र ही घरमालकाची मर्जी नाही. ते देणे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, न दिल्यास दंड होऊ शकतो. मधली काही वर्षे ही तरतूद रद्द झाली होती. खोट्या पत्त्यावरच्या नोंदी रोखण्यासाठी ती 2015 मध्ये परत आणली गेली.

त्या पत्राकडे पाहत असताना मला एक जुनी फाईल आठवली. मी उपविभागीय अधिकारी होते. दगडखाणीवर काम करणारी एक बाई मुलाच्या वसतिगृह-प्रवेशासाठी निवासाचा दाखला मागायला आली होती. बारा वर्षे ती तिथेच राहत होती. झोपडी मात्र ठेकेदाराच्या जागेवर, आणि ठेकेदार लिहून द्यायला तयार नव्हता. तिच्याजवळ रेशनकार्ड नाही, वीजबिल नाही. मी फाईलवर "पुराव्यासह सादर करावे" असा शेरा मारला. एकदा नव्हे, तीनदा. शेरा नियमाला धरून होता. तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाही. प्रवेशाची तारीख उलटून गेल्याचे मला पुष्कळ नंतर, दुसऱ्याच एका प्रकरणात चौकशी करताना समजले.

पुरावा ठेकेदाराजवळ होता, आणि तो मी मागत होते त्या बाईजवळ. ठेकेदाराला एक नोटीस काढणे, अथवा पटवाऱ्याला पाठवून पंचनामा करवणे माझ्या अधिकारात होते. ते मला सुचले नाही, कारण अर्जदार ती होती आणि कागद अर्जदाराने आणायचा असतो.

आपल्याकडे कायदेच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावरच आहे. उज्ज्वला योजनेच्या ऑगस्ट 2021 मधील दुसऱ्या टप्प्यात तर स्थलांतरित कुटुंबांकडून पत्त्यासाठी स्वयंघोषणा पुरेशी मानली गेली. म्हणजे वाट ठाऊक होती. तरी परराज्यात नोकरी करणाऱ्या कोणाही मराठी माणसाला विचारावे, की गॅससाठी, बँकेसाठी, मुलांच्या शाळेसाठी पत्त्याचा पुरावा मिळवताना त्याने घरमालकाच्या किती विनवण्या केल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओटा बसला, दिवे लागले. आणि एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीवर एक छोटी पाटी लटकलेली दिसली. ही इथली जुनी प्रथा : इमारतीचा जिना आणि अंगण आळीपाळीने एकेका कुटुंबाने झाडायचे, आणि आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. तिचे मूळ स्टुटगार्टच्या 1492 मधील नगर-नियमांपर्यंत नेतात. नाव 'केरवोखे'. केर म्हणजे झाडणे, वोखे म्हणजे आठवडा! निव्वळ योगायोग, पण नातीला तो फार आवडला. आमच्या पाळीचा केर मी काढला. बहात्तर पायऱ्या. जावई संकोचून म्हणाले, "आई, तुम्ही राहू द्या, मी करतो." मुलगी काही बोलली नाही, तिने केरसुणी माझ्या हातात दिली. वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई कठड्याशी थांबून माझे काम पाहत होत्या. कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनी मला राहिलेला कचरा दाखवला. अशी तपासणी मी आयुष्यभर इतरांची केली होती.

नाताळपूर्वी एका दुपारी आम्ही स्टुटगार्टच्या बाजारात गेलो. 1692 सालापासून नोंद असलेला हा नाताळ-बाजार दुकानांच्या सजवलेल्या छपरांसाठी प्रसिद्ध आहे. नातीने तिथे एक चित्रकार्ड घेतले आणि आमच्याच नव्या पत्त्यावर, माझ्या नावाने, पेटीत टाकले. पोस्टमन आणतो का ते तिला पाहायचे होते. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "नाही येणार. इथे पेटीवर नाव असावं लागतं, आणि आजी इथे राहत नाही."

बोलणे वस्तुस्थितीला धरून होते. परदेशातून आलेल्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंत नोंदणीही लागत नाही. मी कायदा वाचला होता. तरी रात्री उशिरापर्यंत मला झोप आली नाही. तिच्या सात शाळांपैकी किती शाळांच्या पालकसभांना मी हजर होते, ते आठवू पाहत होते.

24 तारखेला दुकाने दोनला बंद होणार म्हणून सकाळीच दूध आणि भाजी घेऊन परतले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घरी केलेल्या बिस्किटांचा डबा दारात ठेवला होता. त्यांच्यासाठी मी चकल्या तळल्या. कार्ड 27 तारखेला आले. ते काढायला खाली गेले तेव्हा पेटीवर तीन नावांच्या खाली चौथी पट्टी दिसली, मुलीच्या अक्षरात, माझे पूर्ण नाव. केव्हा लावली ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

फेब्रुवारीत मी निघाले त्या दिवशी सामान खाली नेताना जावयांनी तिला विचारले, "आईंच्या नावाची पट्टी काढून ठेवू का?"

"राहू दे," ती म्हणाली, "पेटीचा रंग निघेल."