हलगीचं मैदान

मार्गशीर्ष उतरणीला लागला की आमच्या इस्लापूरच्या बाजारात माळेगावचं नाव निघू लागतं. कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि पैनगंगेकडून येणारा वारा पहाटे अंगाला झोंबतो. माळेगाव आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हिमायतनगर, भोकर करत नांदेड गाठायचं, तिथून लातूरच्या रस्त्याला लागायचं, आणि लोहा मागे टाकलं की माळेगावचा माळ दिसू लागतो. किनवटकडची सागाची झाडी कधीच संपलेली असते. समोर नुसतं मोकळं रान आणि त्यावर उभं राहिलेलं पालांचं गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते.

या यात्रेला माणसं देवासाठी येतात तशीच जनावरांसाठीही येतात. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा इथे मोठा बाजार भरतो. तेलंगण आणि कर्नाटकातूनही लोक उतरतात, त्यामुळे सौदा मराठीत सुरू होऊन तेलुगूत मिटतो. वैदू, घिसाडी, मसणजोगी अशा वर्षभर वाटेवर असणाऱ्या समाजांना एकमेकांची तोंडं दिसतात ती इथेच. सोयरिकी इथे जुळतात, तंटे इथे मांडले जातात. भंडाऱ्याने सगळ्यांची कपाळं एकसारखी पिवळी झालेली असतात. ज्यांचं नाव कुठल्या गावच्या उताऱ्यावर नाही, त्यांचंही इथे चार दिवस एक गाव असतं.

मी मात्र दरवेळी ओढला जातो तो कुस्तीच्या मैदानाकडे, आणि तेही हलगीमुळे. मैदान दिसायच्या आधी ते ऐकू येतं. गर्दीच्या डोक्यांवरून तो कडक, कोरडा आवाज येतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. आत पोरांच्या लहान कुस्त्या चाललेल्या असतात. दोघं सलामी देतात, माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावतात, हात मिळवतात. तोवर हलगी संथ असते, जणू दोघांचा अंदाज घेत असते. एकाने पट काढला की तिची चाल बदलते. पकड घट्ट झाली की ठोके जवळ जवळ येतात, आणि ढाक किंवा धोबीपछाड बसायच्या क्षणाला ते इतके दाट होतात की दोन ठोक्यांमधली फट कानाला सापडत नाही. पाठ मातीला लागते आणि सगळं मैदान एकदम ओरडतं. शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हलगीवाला थांबत नाही. पैलवानांच्या जोड्या बदलतात, तो मात्र उभाच असतो.

त्याच्याजवळ जाऊन उभं राहिलं की त्याची कारागिरी कळते. कडीवर ताणलेलं कातडं थंडीत सैल पडतं, म्हणून दोन कुस्त्यांच्या मध्ये तो काटक्या-पाचोळ्याचा जाळ करून हलगी शेकतो. बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. हलगी काखेत घेऊन एका हातातल्या जाड टिपरूने मधला घुमणारा ठोका काढतो, आणि दुसऱ्या हातातल्या बारीक काडीने काठावरची सरसर चालू ठेवतो. आता पुष्कळ ठिकाणी पत्र्याची कडी आणि फायबरचं पान आलं आहे. ते शेकावं लागत नाही, पावसाला भीत नाही. तरी शेकलेल्या कातड्याच्या आवाजात जी ऊब असते, ती त्यात येत नाही.

ही हलगी गावगाड्यात सक्तीची होती. दवंडी द्यायला, लग्नाच्या वरातीपुढे, प्रेतयात्रेपुढे, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांनीच ती वाजवायची, आणि मोबदला म्हणून शिळीपाकी भाकरी घ्यायची. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी हलगी खाली ठेवली. त्यांनी ती ठेवली ते योग्यच केलं. जी कला हुकमावर करावी लागते ती करणाऱ्याचा अपमान करते. म्हणून आज कुस्तीच्या फडात कुणी मानाने, ठरवलेल्या बिदागीवर, डोक्याला फेटा बांधून हलगी वाजवतो, तेव्हा मला त्या ठोक्यांत दोन गोष्टी एकदम ऐकू येतात. एक ती जुनी सक्ती, आणि दुसरी तिला ओलांडून आलेली हुकमत. त्या मैदानात पैलवानाइतकाच तोही मधोमध उभा असतो.

दिवस मावळला की माळावर गाणं सुरू होतं. इथे लावणीचा महोत्सव होतो, लोककलांचा होतो, आणि त्याशिवाय पालापालापुढे वाघ्या-मुरळीचं जागरण चालू असतं ते वेगळंच. वाघ्याच्या हातात दिमडी, साथीला तुणतुणं आणि टाळ, मुरळीच्या हातात घाटी. तुणतुण्याला एकच तार असते. ती एकच सूर धरून राहते आणि गाणाऱ्याला कितीही दूर जाऊन परत यायला जागा ठेवते. आधी सगळ्या देवांना बोलावणं होतं, त्यांच्या त्यांच्या गावाच्या नावाने. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, आमच्या बाजूची माहूरची रेणुका. गावांची ही यादी ऐकताना वाटतं, महाराष्ट्राचा पहिला नकाशा असाच कुणीतरी रात्री जागून गाण्यात काढला असावा. मग खंडोबाची बायको म्हाळसा येते, दुसरी बायको धनगराची बाणाई येते, दोघींचं भांडण येतं आणि ऐकणाऱ्या बायका पदराआड हसतात. मुरळीच्या गळ्यात मात्र हसण्याखाली काही वेगळंही असतं. मुरळी म्हणून मुली देवाला वाहण्याची प्रथा कायद्याने बंद झाली, आणि ती बंदच राहायला हवी. ज्यांचं आयुष्य त्या प्रथेने ओढून नेलं त्यांनी हे गाणं जपलं, ही गोष्ट मनाशी धरूनच ते ऐकावं लागतं.

लावणीच्या तंबूतही हेच. ढोलकीच्या पहिल्या थापेला शिट्ट्या सुरू होतात, आणि पुष्कळांना वाटतं की लावणी म्हणजे एवढंच. यमुनाबाई वाईकरांनी बसून, अदेने, शब्दाशब्दाला वळवत लावणी म्हटली आणि २०१२ साली पद्मश्री मिळवली. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि तरीही उतारवय हलाखीत गेलं. फडावर नाचणाऱ्या बाईला आपण टाळ्या दिल्या, दौलतजादा दिली. शेजार दिला का, हा प्रश्न तिथल्या उजेडात मला नेहमी टोचतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. बॉस्टनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तिथल्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानावरचा एक कार्यक्रम मला फोनवर दाखवला होता. ते मैदान १९१२ सालचं. उन्हाळ्यात तिथे कंट्री संगीताचे कार्यक्रम होतात. शेतकऱ्यांची, रेल्वे कामगारांची, ट्रकवाल्यांची गाणी, आणि हजारो लोक उभं राहून सोबत गाणारे. त्या गाण्यात जो बँजो वाजतो तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या आठवणीतून तिथे घडवलेलं वाद्य. आणि ज्या मैदानात तो आता घुमतो, त्या मैदानाच्या संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला तो १९५९ साली, मोठ्या लीगमधल्या सगळ्या संघांच्या शेवटी. जॅकी रॉबिन्सनने ती भिंत दुसऱ्या संघातून १९४७ सालीच फोडली होती. म्हणजे वाद्य आत गेलं, आणि ज्यांचं ते होतं ती माणसं कितीतरी वर्षं दाराबाहेर राहिली. हे वाचलं तेव्हा मला आमचा हलगीवाला आठवला.

फेनवे पार्क झालं त्याच १९१२ साली कोल्हापुरात खासबागचं कुस्तीचं मैदान पुरं झालं. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, तिथे रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात हे मैदान आलं. कुठेही बसलं तरी कुस्ती दिसावी असं ते खोलगट बांधलेलं आहे. त्याला लागूनच १९१५ साली त्यांनी नाट्यगृह उभं केलं, जे आज केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जातं. ताकद आणि गाणं यांना त्यांनी शेजार दिला. आणि मागास ठेवलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला तोही १९०२ सालचाच. मला या तिन्ही गोष्टी एकाच विचारातून आल्यासारख्या वाटतात. माणसाला जागा द्यायची तर ती नोकरीत द्यावी लागते, मातीत द्यावी लागते आणि मंचावरही द्यावी लागते.

आमच्या किनवट भागाकडे पाहिलं की हे फार जाणवतं. दिवाळीत गोंडांची दंडार निघते, मोरपिसांचे भरगच्च टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. शेजारच्या आदिलाबाद भागातल्या कनकराजूंना याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. फाल्गुनात बंजाऱ्यांच्या तांड्यांवर डफावर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, रंगतात. १४ एप्रिलच्या आसपास शाळांच्या पटांगणांत भीमगीतांच्या रात्री होतात. ज्या वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली, त्यांचे शब्द तिथे लहान पोरांनाही पाठ असतात. मराठी, गोंडी, गोरमाटी, तेलुगू अशा चार भाषांचं गाणं एका तालुक्यात नांदतं. पण प्रत्येक गाणं आपापल्या वस्तीत, आपापल्या तिथीला. शेजारच्या वस्तीतला माणूस ते लांबून ऐकतो आणि झोपी जातो.

माळेगावचा माळ म्हणून मला मोठा वाटतो. तिथे चार दिवस का होईना, गाणारी-वाजवणारी माणसं मधोमध येतात आणि बाकीचे भोवती बसतात. हे चार दिवस पुरेसे नाहीत. किनवटला, इस्लापूरला, प्रत्येक आठवडी बाजाराच्या गावाला असं एक मैदान हवं, जिथे दुपारी कुस्ती होईल आणि रात्री आज दंडार, उद्या लेंगी, परवा जागरण. बिदागी आधी ठरलेली असेल, कलावंताच्या नावाची पाटी दारावर असेल, आणि पहिल्या रांगेत कुणाची खुर्ची राखलेली नसेल. हे कुणा सरकारने करावं म्हणून वाट बघायची गरज नाही. जे गाव कुस्त्यांसाठी वर्गणी जमवतं, त्याला गाण्यासाठीही जमवता येते. आपण ज्यांच्या ठोक्यावर शंभर वर्षं टाळ्या वाजवल्या, त्यांना वर्षभराची जागा देणं हे आपल्याच हातात आहे.