मोडूक येता काय?

कार्यक्रम संपला की प्रेक्षक गाड्या काढायला धावतात आणि आमचं खरं काम सुरू होतं. मैदानावरचे दिवे लागतात, गायक अजून हॉटेलच्या वाटेवरही लागलेला नसतो, तोवर हेल्मेट घातलेली माणसं मुंग्यांसारखी मंचावर चढलेली असतात. लग्नाकार्यात मला हमखास कुणीतरी विचारतं, "एवढं मोठं स्टेज उभं करायला किती दिवस लागतात हो?" काढायला किती वेळ लागतो, हे मात्र आजवर कुणीही विचारलेलं नाही. तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं मत असं, की विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे.

मी या कामात आलो तो ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या मागच्या दाराने. व्यावसायिक नाटकाचा सेट म्हणजे फ्लॅट, लेव्हल, दोन दरवाजे आणि एक खिडकी. जिना असला तर नाटक 'मोठ्ठं'. रात्री प्रयोग संपवायचा, सगळं बसच्या टपावर चढवायचं, दुसऱ्या दुपारी सांगलीत उतरवायचं. आमचे सुतारकाका मालवणकडचे. नेपथ्यकार नवा आराखडा घेऊन आला की काका त्यातली रंगसंगती बघायचेच नाहीत. कागद आडवा-उभा फिरवून म्हणायचे, "मोडूक येता काय ता बघ आधी." नेपथ्यकाराचा चेहरा पडायचा. मलाही वाटायचं, म्हातारा रसिक नाही. पुढे मी रॉकच्या कार्यक्रमांच्या मांडणीत शिरलो, परदेशी चमूंच्या हाताखाली राबलो, मोठ्या दौऱ्यांचे आराखडे मिळतील तिथून मिळवून वाचू लागलो, तेव्हा उमगलं की लंडन-अमेरिकेतले दिग्गज आयुष्यभर हाच प्रश्न सोडवत बसले होते. मालवणीत नाही, एवढाच फरक.

सुरुवातीला मोडण्यासारखं काही नव्हतंच. 15 ऑगस्ट 1965 ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे पंचावन्न हजार लोकांपुढे वाजले, ते बेसबॉलच्या मैदानात मधोमध टाकलेल्या एका उघड्या चौथऱ्यावर. आपल्याकडच्या तालुक्याच्या प्रचारसभेला याहून बरं स्टेज असतं. खास त्यांच्यासाठी 100 वॉटचे अँप्लिफायर बनवले होते. बाकी भिस्त स्टेडियमच्या स्वतःच्या भोंग्यांवर. पोरींच्या किंकाळ्यांपुढे त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते चौघे वाटाण्याएवढे दिसत होते. या वाटाण्याचं काय करायचं, हाच पुढच्या साठ वर्षांचा उद्योग.

आधी आवाजाचा बंदोबस्त झाला. 1974 मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने वादकांच्या पाठीमागे स्पीकरची भिंतच उभी केली. वजन सुमारे 75 टन. ती उभारायला इतका वेळ लागे की परांचीचे दोन संच ठेवावे लागले. एका गावात कार्यक्रम चाले, तेव्हा दुसऱ्या गावी परांची उभी राहत असे. आवाज म्हणे अप्रतिम होता. पण वर्ष सरायच्या आत बँडने ती भिंत कायमची उतरवली, कारण खर्च आणि माणसं दोन्ही हाताबाहेर गेली. काकांनी पहिल्याच दिवशी मान हलवली असती.

खरा बदल झाला तो कारखान्यातल्या एका साध्या यंत्रामुळे. वजन उचलणारी चेन मोटर कारखान्यात वर टांगलेली असते आणि आकडा खाली येतो. दौऱ्यांवरच्या रिगरांनी, म्हणजे टांगणीचं काम करणाऱ्यांनी, ती उलटी केली. छतावर बसलेला माणूस दोराने फक्त साखळी वर ओढून घेतो, तिचा आकडा तुळईला अडकवतो, आणि मग मोटर आपल्याच साखळीवरून, ट्रस म्हणजे धातूचा सांगाडा आणि दिवे यांच्यासकट, वर चढत जाते. जड मोटर घेऊन छतावर जायची गरजच उरली नाही. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण आज जगातलं कुठलंही मोठं स्टेज या उलट्या मोटरींना लटकलेलं असतं. त्या टांगणीला आम्ही 'पॉइंट' म्हणतो, आणि नवख्या पोराला पहिलं वर्षभर पॉइंट मोजायलाच लावतो.

माझं सगळ्यात आवडतं स्टेज मात्र पुठ्ठ्याचं आहे. जुलै 1977 मध्ये माँट्रियलच्या स्टेडियममध्ये पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स पुढच्या रांगेतल्या हुल्लडीला इतका वैतागला की एका प्रेक्षकावर थुंकला. नंतर स्वतःचीच लाज वाटून त्याच्या डोक्यात आलं, की आपल्यात आणि लोकांत खरोखरच भिंत बांधावी. यातून 'द वॉल' हा अल्बम आणि त्याचा कार्यक्रम निघाला. मंचावरची भिंत प्रत्यक्षात आणली मार्क फिशर आणि जोनाथन पार्क यांनी. फिशर लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये शिकलेला वास्तुविशारद. हवा भरून फुगवायच्या रचनांचा नादिष्ट, त्यामुळे फ्लॉइडची फुगवलेली पात्रंही त्याच्या हाताखालून गेली. त्याने विटा केल्या पुठ्ठ्याच्या, आग न धरणाऱ्या, घडी होणाऱ्या. मिठाईचा खोका घडी उलगडून उभा करतात तशा. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात, गाणी चालू असताना, कामगार एकेक वीट रचत जात. मध्यंतरापर्यंत सुमारे 40 फूट उंच भिंतीने बँड पुरता झाकलेला असे. शेवटी ती लोकांदेखत कोसळे. आतल्या यंत्रणेने ती कुठे पडायची हे ठरलेलं असे, नाहीतर पहिल्या रांगेचं काही खरं नव्हतं.

नीट बघा. बांधणं आणि मोडणं, म्हणजे आम्ही अंधारात, प्रेक्षक यायच्या आधी आणि गेल्यानंतर करतो ते काम, फिशरने उजेडात आणून तोच खेळ केला. पाठीमागच्या माणसांना नटाच्या जागी उभं केलं. बॅकस्टेजवाल्याला यापेक्षा मोठा मान कुणी दिल्याचं मला माहीत नाही.

व्यवहारात मात्र ते प्रकरण आतबट्ट्याचं ठरलं. 1980-81 मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड अशा चारच ठिकाणी मिळून 31 प्रयोग झाले; ही भिंत गावोगाव फिरवणं परवडणारंच नव्हतं. बँडचं नुकसान झालं. तेव्हा फक्त पगारावर उरलेला किबोर्डवादक रिक राइट तेवढा फायद्यात राहिला. तीस वर्षांनी वॉटर्सने तीच भिंत पुन्हा काढली. आता मोटरी सुधारल्या होत्या, भिंतीवर चित्रं टाकणारे प्रोजेक्टर आले होते. 2010 ते 2013 मध्ये 219 प्रयोग झाले. कल्पना तीच होती, फक्त तिला ट्रकमध्ये बसायला तीस वर्षं लागली.

इथे एक आगाऊपणा करतो. त्याच 1980 साली पुण्याची थिएटर अकॅडमी 'घाशीराम कोतवाल' घेऊन युरोपच्या दौऱ्यावर गेली होती. त्यातही भिंत आहे. ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची, डुलणारी, गाणारी, हवं ते लपवणारी आणि हवं तेव्हा उघडणारी. तिला ना ट्रक लागला, ना मोटर. विंगेत गेली की मोडली. दोन्हींत थोर कुठली, या वादात मी पडत नाही. पण काकांनी कुठल्या भिंतीच्या बाजूने मत दिलं असतं, हे सांगायची गरज नाही.

वाटाण्याचा प्रश्न शेवटी पडद्याने सोडवला. यू-टू या बँडच्या 1992 च्या 'झू टीव्ही' दौऱ्यात मंचभर टीव्हीचे पडदे रचले होते आणि वरून पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट गाड्या दिवे म्हणून टांगल्या होत्या. भन्नाट प्रकार. पण तेव्हाचे पडदे म्हणजे काचेच्या नळ्या आणि खोकी. जड, नाजूक, उन्हात फिके. पुढचं पाऊल कुणा मंचकाराने नव्हे, जपानमधल्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेने टाकलं. लाल आणि हिरवे एलईडी होते, प्रखर निळा नव्हता, आणि निळ्याशिवाय पूर्ण रंगीत चित्र होत नाही. 1993 मध्ये तिथल्या शुजी नाकामुरा यांनी तो करून दाखवला. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह मिळालं ते याच निळ्या दिव्यासाठी. निळा दिवा लागल्यानंतर चारच वर्षांनी, 1997 मध्ये, 'पॉपमार्ट' दौऱ्यात यू-टूच्या मागे दीडशे फुटांच्या आसपास रुंदीचा एलईडी पडदा उभा राहिला. तेही फिशरचंच काम. दिव्यांमध्ये भरपूर अंतर ठेवलेलं, त्यामुळे जवळून बघितलं तर नुसते ठिपके, लांबून चित्र. आणि पडद्याच्या चक्क घड्या घालता येत. एवढा मोठा पडदा फिरू शकला तो याच जोरावर.

त्याच दौऱ्यात चाळीस फुटी आरशांचं लिंबू होतं. बँड त्यात बसून लोकांमध्ये येई आणि लिंबू उघडे. ऑस्लोला ते अडकलं. जगातले सगळ्यात महागडे चार वादक लिंबाच्या मागच्या फटीतून बाहेर पडले. हे वाचून मी आमच्या सगळ्या फसलेल्या फिरत्या रंगमंचांना मनातल्या मनात माफ केलं.

फसण्यावरून माझं एक. पुण्यात एका परदेशी बँडसाठी चार राइझर, म्हणजे वादकांचे चौथरे, करायचे होते, प्रत्येकी 2.4 बाय 1.2 मीटर. मी हसलो. म्हणजे आपला प्लायचा पत्राच की, आठ बाय चार. न कापता ठोकले. आठ फूट म्हणजे 2.438 मीटर, हे माहीत असूनही मनावर घेतलं नव्हतं. एकामागे एक चार जोडले आणि लांबी सहा इंचांनी वाढली. दोन टॉवरमधून राइझर सरकेनात. दुपारी साउंडचेक, आणि मी करवत घेऊन गुडघ्यावर. पलीकडचा गोरा मॅनेजर एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. ब्लॅक सॅबथ या बँडने 1983 मध्ये मंचावर स्टोनहेंज उभारायला सांगितलं, आकडे फुटांत दिले, बनवणाऱ्याने मीटरमध्ये घेतले आणि ते दगड बहुतेक थिएटरांत मावलेच नाहीत, अशी गोष्ट त्यांचा गीझर बटलर सांगतो. ती ऐकून लोक हसतात. मी नाही हसत.

मोठेपणाची कमाल झाली यू-टूच्याच 2009 ते 2011 च्या '360 अंश' दौऱ्यात. मंच मैदानात, चहूबाजूंनी प्रेक्षक, आणि वर चार पायांचा पोलादी राक्षस; टोकापर्यंत सुमारे 50 मीटर. त्याला सगळे 'क्लॉ', म्हणजे पंजा, म्हणत. पोलाद उभं करायला काही दिवस लागत, तर आवाज, दिवे आणि पडदा चढवायला काही तास. म्हणून पोलादाचे तीन पंजे बनवले. एका गावात कार्यक्रम, दुसऱ्या गावात उभारणी, तिसरा वाटेवर. दिवे, आवाज, पडदा यांचा संच मात्र एकच, एका पंजावरून दुसऱ्यावर उड्या मारणारा. ग्रेटफुल डेडची जुनीच युक्ती, फक्त आता हिशेब नीट जमलेला. 110 कार्यक्रम झाले, 72 लाखांहून जास्त तिकिटं खपली.

मोडता येण्याचा संबंध फक्त पैशाशी आहे असं मात्र समजू नका. 13 ऑगस्ट 2011 ला अमेरिकेत इंडियानाच्या जत्रेत वादळापूर्वीच्या एका झोताने तात्पुरत्या मंचाचं छप्पर कोसळलं आणि सात माणसं गेली. त्यानंतर आमच्या धंद्यात वारामापक बघितल्याशिवाय चहा घेत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात वळीव काय करतो, हे मला सांगायला नको. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मोकळ्या मैदानात, ढग दिसताच मी छप्पर मोटरींनी खाली घ्यायला लावलं. आयोजक लालबुंद. "अहो, गेट उघडलंय!" मी म्हटलं, "साहेब, गेट बंद करा." वीस मिनिटांनी जो वारा सुटला, त्यात कापडी मंडप उडाले. छप्पर जमिनीलगत होतं, जागच्या जागी राहिलं. आयोजकांनी माझे आभार मानले नाहीत. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला दिलं.

15 डिसेंबर 2019 ला यू-टू नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आले. त्यांच्या 'जोशुआ ट्री' दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम. मी मुद्दाम कामाला न जाता तिकीट काढून गेलो. दोनशे फूट रुंद, पंचेचाळीस फूट उंच पडदा, त्यावर रंगवलेलं जोशुआ झाडाचं रूप, आणि त्या झाडाची सावली पडावी तसा प्रेक्षकांत शिरलेला छोटा मंच. गाणी छान झाली असावीत. माझं लक्ष सांध्यांकडे होतं. एवढ्या मोठ्या पडद्यात जोड कुठे आहेत ते शेवटपर्यंत सापडलं नाही. कार्यक्रम संपल्यावर कठड्याला टेकून उभा राहिलो. पेट्या बाहेर आल्या, केबल गुंडाळायला लागल्या. सुरक्षेवरचा पोरगा आला, "काका, चला आता." मी म्हटलं, "पाचच मिनिटं." तो माझ्या शेजारी उभा राहून बघू लागला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "हे सगळं रोज करतात?" हा पहिला माणूस, ज्याने जवळपास बरोबर प्रश्न विचारला.

हल्ली लास व्हेगासच्या 'स्फिअर'चं कौतुक कानावर येतं. 2023 मध्ये यू-टूनेच त्याचं उद्घाटन केलं. अख्खा घुमट आतून पडदा. असेल अद्भुत. पण तिथे मंच लोकांकडे जात नाही, लोकांनी तिकीट काढून मंचाकडे जायचं. मी त्याला इमारत म्हणेन, दौऱ्याचा रंगमंच म्हणणार नाही.

'360 अंश' दौऱ्याच्या त्या तीन पंजांपैकी एक मोडीत गेला नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या ड्रेपर गावी एका मत्स्यालयाच्या आवारात तो आता कायमचा उभा आहे.