फियाटची मागची चाकं

गाडीच्या मागच्या चाकांवरून नवराबायकोत आठ दिवस अबोला! वाचून हसाल तुम्ही. पण मैत्रिणींनो, आमच्या घरात हे घडलंय खरं.

मामंजींनी १९७३ साली घेतलेली फियाट अजून आमच्या दारात उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे हिचंच नाव पद्मिनी झालं. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे ती दारात आली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता म्हणे. १९८८ साली मिरज स्टेशनवरून मी ह्या घरात आले, ती ह्याच गाडीतून.

मामंजी गेले, हे निवृत्त झाले आणि गाडी ह्यांच्या हाती आली. एकदा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणीतरी हसून म्हणालं, "साहेब, चाकं सायकलची लावलीत काय?" झालं! ते वाक्य ह्यांच्या मनाला लागलं.

गाडीचे मूळ टायर ५.२०-१४ मापाचे, म्हणजे रुंदी जेमतेम सव्वापाच इंच. ह्यांनी आणले १८५/७० आर १४. हे आकडे पाहून घाबरू नका, मीही आताच शिकलेय. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा डिस्कचा व्यास, इंचांत. म्हणजे १३२ मिलिमीटरच्या जागी १८५, दोन इंचांहून जास्त फरक! डिस्कही रुंद घ्याव्या लागल्या. पण दारात उभी असताना गाडी दिसायची मात्र ऐटबाज. स्टेअरिंग जड झालं, त्याचं कुणाला काय!

पुढच्याच गुरुवारी नरसोबाच्या वाडीला निघालो. मागे नणंद, जाऊबाई आणि दोन नातवंडं. पहिल्याच गतिरोधकावर खर्रकन आवाज आला. थोडं पुढे गेलो तोच रबर जळाल्याचा वास! उतरून पाहतो तर मडगार्डच्या कडेनं टायरची भिंत सोलवटून काढलेली, आतले धागे दिसायला लागलेले. पोरं मागे बसली होती. माझे तर हातपायच गार पडले.

कारण साधं होतं. मागच्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला मडगार्डची कड आणि आतल्या अंगाला पाट्यांची स्प्रिंग. मधली जागा मूळ टायरला बेतलेली. गाडीत माणसं बसली की बॉडी खाली दबते आणि ती जागा आणखी कमी होते. आपण ब्लाउजचं माप बघताना नुसत्या उभ्या राहतो का? हात वर करून, वाकून बघतोच ना? ह्यांनी गाडीचं माप रिकामी गाडी उभी करून घेतलं होतं.

गॅरेजवाल्यानं तोड सांगितली, "मडगार्ड कशाला कापता? एक्सलच आखूड करू." एक्सल म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा लोखंडी पाइप. मधे डिफरन्शियलचा गोळा आणि आत चाकं फिरवणारे दोन दांडे. पाइप दोन्हीकडून कापून वेल्डिंग करायचा, दांडे कापून टोकांना नवे दाते पाडायचे. म्हणजे चाकं आत सरकणार. खर्च चाळीस हजार. आणि नेमके तेवढेच पैसे मी नव्या ओट्यासाठी भिशीतून साठवले होते! तिथून अबोला सुरू झाला.

नवव्या दिवशी मीच म्हटलं, "चला, लेथवाल्याकडे मीही येते." कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "वहिनी, कापायला कितीसा वेळ लागतोय? पण कारखान्यात ह्या दांड्याला पाणी दिलेलं असतंय. दाते नवे पाडले की पाणी पुन्हा द्यायला पाहिजे. कमी पडलं तर दांडा पिळवटतोय, जास्त झालं तर काचेगत तुटतोय. वेल्डिंगनं पाइप केसभर वाकला तरी बेअरिंग खातोय. अन् असल्या जुन्या गाड्यांत चाकाचा भार त्या दांड्यावरच! तो तुटला की चाक सुटलं समजा. शर्यतीच्या गाड्यांना नवे दांडे घडवत्यात, ती गोष्ट निराळी. चाळीसेक घोड्यांच्या इंजिनाला हे कशापायी?"

परतताना चहाला थांबलो. हे बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "अण्णांनी मला कधी बॉनेटसुद्धा उघडू दिलं नाही. वाटलं, गाडीत एक तरी गोष्ट माझ्या हातची असावी."

इतकी वर्षं संसार केला, पण हे मला ठाऊक नव्हतं. मी आठ दिवस ओट्यासाठी भांडत होते आणि ह्यांचं भांडण टायरसाठी नव्हतंच!

शेवटी मूळ मापाचे टायर आणले. त्याच मिस्त्रींच्या देखरेखीखाली ह्यांनी मागचे ड्रम स्वतः उघडले. ब्रेक, बेअरिंग, ऑइलसील, सगळं आपल्या हातांनी बदललं. चार दिवस नखांतलं काळं निघत नव्हतं. त्यात माझे निम्मे पैसे गेले. ओटा अजून व्हायचाय.

तुमच्याही दारात अशी जुनी गाडी असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केलं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचं तर ती मूळ रूपात जपलेली हवी.

आणि दुसरी गोष्ट कायद्यात नाही. घरचं माणूस एखाद्या खुळापायी हटून बसलं, तर नाही म्हणण्याआधी एकदा त्याच्याबरोबर गॅरेजपर्यंत जाऊन या.

मी अजून 'मामंजींची फियाट' असंच म्हणते. हे मात्र परवा शेजाऱ्यांना सांगताना म्हणाले, "माझी गाडी."