कळलावी

गेल्या वर्षी श्रावणात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासता तपासता माझी मान अशी आखडली, की उजवीकडच्या बाकांकडे पाहायचे तर सबंध अंग वळवावे लागे. डॉक्टरांनी थायोकोल्चिकोसाइडच्या गोळ्या दिल्या. मराठीच्या प्राध्यापकाला एवढे नाव उच्चारता आले, की निम्मे दुखणे पळायला हवे! पण चार दिवसांत मान सुटली हे खरे.

औषधवाल्याने सांगितले, ही गोळी मुळात कळलावीची. तिच्या बियांतल्या द्रव्यात रसायनशाळेत फेरफार करतात. मग ते मज्जासंस्थेवर परिणाम करून स्नायूंची आखड सोडवते. मला मोठी गंमत वाटली. भांडणे लावणारी बाई ती कळलावी, बाळंतकळा आणणारी वेल तीही कळलावी; आणि हिने चक्क माझी कळ काढली!

रविवारी आरमोरीला गेलो तेव्हा हे आईला रंगवून सांगितले. ती म्हणाली, "अरे बाबू, तुझ्या वेळेस सुईणीने तिचाच लेप माझ्या तळपायांना लावला होता. बाळ आलं की लगेच धुऊन टाकायचा." गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, मी त्याआधीचा, म्हणजे जन्माने चंद्रपूरकर आणि कळलावीचाही ऋणी.

पुढच्या रविवारी पाहतो तो सहाणेजवळ नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद! रानात जाणाऱ्या कुणाकडून तरी तिने मागवला होता.

"कंबर धरली आहे रे. तुझी गोळीच ना ही? उगाळून चमचाभर दुधातून घेते."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. त्या कंदात कोल्चिसिन असते. ते पेशींचे विभाजनच थांबवते. उलट्या-जुलाबांनी सुरुवात होते आणि थोडक्या कंदानेही माणूस दगावतो. गोळीचे द्रव्य निराळे. तीसुद्धा युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली सात दिवसांवर घेऊ नये म्हणून बजावले, आणि गर्भवतींना तर मुळीच नाही. जिचा लेप बाळंतिणीला, तिची गोळी गर्भवतीला वर्ज्य! हे सारे आधीच्या रविवारी सांगायचे सोडून मी शब्दांच्या कोट्या करीत बसलो होतो.

आईला दवाखान्यात नेले. कंद मात्र तिने फेकू दिला नाही, कुंपणाशी पुरला. यंदा भाद्रपदात त्याला लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुले आली. शेजारची पोरे जवळ गेली, की आई ओसरीवरून ओरडते, "लांबून पाहा रे!"