ओळखीचे शब्द

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना अवघड शब्दांनी फारसा दगा दिला नसावा. अवघड शब्द माणूस कोशात पाहतो आणि जपून वापरतो. सावधपणा सुटतो तो ओळखीच्या शब्दांपाशी. 'डाउट', 'ओन्ली', 'यस' यांच्यासाठी कोश कोण उघडणार? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. त्यामुळे हे शब्द आता अधिक लवकर ओळखीचे होतात, इतकेच.

मराठी विद्यार्थी वर्गात उभा राहून म्हणतो, 'सर, आय हॅव अ डाउट.' त्याच्या मनात असते ती शंका. शास्त्रचर्चेच्या परंपरेत शंकेला मानाचे स्थान आहे. शंका आणि समाधान ही जोडीच आहे, आणि शंका विचारणारा शिष्य गुरूचे म्हणणे नीट समजून घेऊ पाहत असतो. इंग्रजीतील 'डाउट'चे कुळ वेगळे. त्यात अविश्वासाची छटा आहे. भारतातील वर्गात हे वाक्य सहज खपून जाते. तेच इंग्लंडमधल्या प्राध्यापकापुढे उच्चारले, तर आपले प्रतिपादनच त्याला मान्य नाही असा त्यांचा समज होऊ शकतो. नम्रपणे विचारायला गेलेला मुलगा उद्धट ठरतो, आणि का ठरला हे दोघांनाही उमगत नाही. 'क्वेश्चन' हा शब्द त्याला ठाऊक नसतो असे नव्हे. पण मराठीत प्रश्न परीक्षेत येतात. मनात येते ती शंका.

'ओन्ली'ची कथा निराळी. 'तो कालच आला' यातल्या 'च'साठी इंग्रजीत तसा प्रत्यय नाही. इंग्रज तो जोर बहुधा आवाजाच्या आघाताने देतो. मराठी माणूस वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' जोडतो: 'ही केम यस्टरडे ओन्ली.' व्याकरणाचे शिक्षक यावर नाक मुरडतात, आणि नियमाने त्यांचेच खरे. तथापि 'च' गाळून बोलायचे तर मराठी माणसाला आपले म्हणणे अर्धेच राहिल्यासारखे वाटते, हे त्या नियमात कुठे लिहिलेले नसते.

सर्वांत जोखमीचा शब्द मात्र 'यस'. 'जेवला नाहीस ना?' या प्रश्नाला मराठी उत्तर येते, 'हो, नाही जेवलो.' हा होकार विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला होकार वस्तुस्थितीला असतो. जेवण झाले नसेल, तर प्रश्न कसाही विचारला तरी उत्तर 'नो' असेच. मुलाकडे परदेशी गेलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला तिथल्या रुग्णालयात परिचारिका इंग्रजीत विचारते, 'तुम्हाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही ना?' तो मराठी रीतीने मान हलवतो आणि स्वच्छ उच्चारात 'यस' म्हणतो. शब्द बरोबर, उच्चार बरोबर. आणि कागदावर अ‍ॅलर्जीची नोंद होते.