लांब बाही

माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिस आहे. उर्दूत त्याला चंबल म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात मात्र "खून खराब है" एवढं एकच निदान. बी.एड.च्या वर्षी पहिला चट्टा उठला. अम्मीनं चिरायत्याचा काढा पाजला, वांगी-मासे बंद केले. चट्टे गेले नाहीत. मी बारा महिने लांब बाह्यांचे कुर्ते घालू लागले.

पण वुजू करताना बाही कोपराच्या वर सारावीच लागते. एका लग्नघरी शेजारच्या बाईनं माझा हात पाहून आपला लोटा दूर ओढला. तेव्हा धाकट्या बहिणीच्या रिश्त्याची बोलणी चालली होती. आठ दिवसांत निरोप आला, "लडकेवालों का इरादा बदल गया." अम्मी मला एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. जिल्द म्हणजे शरीराची भिंत, असं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पुस्तकाच्या बांधणीलाही जिल्दच म्हणतात, त्यामुळे मुलांना चटकन पटतं. ही भिंत बोलते, हे मला डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी पहारेकरी असतात. ओरखडा आला की जंतू मारायला त्या एलएल-३७ नावाचं प्रथिन सोडतात. सोरायसिसमध्ये ते दुखावलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि शरीराला आपलाच डीएनए परका वाटू लागतो. २००७ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. मग संरक्षक पेशी जाग्या होतात, टी पेशी आयएल-१७ हा रासायनिक निरोप धाडतात. तो मिळताच कातडीच्या पेशी स्वतःच आणखी फौज बोलावतात आणि भराभर वाढतात. एरवी पेशीला तळातून वर यायला महिनाभर लागतो, इथं चार-पाच दिवस. त्याच या खपल्या. फौज आली की दाह, दाह झाला की पुन्हा बोलावणं.

"म्हणजे माझं रक्त खराब नाही?"

"नाही. आणि स्पर्शानं हे कुणाला होत नाही. फक्त घासू नका, जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो."

मी गप्प झाले. खपलीखाली पाणी पोहोचावं म्हणून वुजूत मी रोज कोपरं खरडत होते!

घराण्यातून हा आजार येऊ शकतो, हेही बाईंनी लपवलं नाही. ते मी अम्मीला अजून सांगितलेलं नाही.

यंदा जिल्दचा धडा आला तेव्हा वर्गात बाही वर केली. मुली पुढं सरकल्या. एकीनं विचारलं, "टीचर, दुखता है?"

"खुजाता है."

मागच्या बाकावरची एक हळूच म्हणाली, "मेरे अब्बा को भी है. वो अलग प्लेट में खाते हैं."

धडा तिथंच थांबवला. तिच्या वहीत डॉक्टरबाईंचं ते चित्र काढून दिलं आणि खाली उर्दूत लिहिलं, छूने से नहीं होता.