खाऱ्या पाण्याची चाळण

तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्याच्या ज्या किनारपट्टीस खारेपाट म्हणतात, जेथे उधाणाच्या भरतीने एखादा बांध फुटला की उभे भातपीक करपते आणि पुढील काही हंगाम ते शेत पडीक राहते, तेथील शेतकऱ्यांसमोर उभे राहून ‘पेरण्यापूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात घाला’ असे सांगणे हे धाडसच होते. परंतु साठ सालानंतरच्या दशकात शेतीखात्याच्या नोकरीत असताना नेमका हाच हुकूम माझ्या वाट्यास आला. चावडीपुढे जमलेल्या मंडळींनी घंगाळ पाहिले, मिठाची पुडी पाहिली, आणि ज्या मिठाशी आपल्या वाडवडिलांनी आयुष्यभर झुंज दिली ते आपल्याच कणगीतल्या बियाण्यास लावावयाचे, या कल्पनेने त्यांच्या चेहऱ्यांवर जो भाव उमटला तो नाराजीपेक्षा कीव करण्याचा अधिक होता.

बियाणे पाखडून साध्या पाण्यात टाकण्याची रीत त्यांच्यात होतीच. पळींज, म्हणजे आत केवळ हवा असलेले फोल, त्याने वर येते व काढून टाकता येते. अडचण आहे ती अर्धवट भरलेल्या दाण्याची. वस्तू तरते की बुडते हे तिच्या एकूण वजनावर ठरत नाही. तिच्याइतकीच जागा व्यापणाऱ्या पाण्याच्या वजनाशी तिची जी तुलना होते तिच्यावर ठरते, आणि हा अर्धवट दाणा त्या तुलनेत साध्या पाण्याहून किंचित जड भरत असल्यामुळे तो सुदृढ दाण्यांच्या पंगतीत तळाशी बसतो, राबात रुजतोही, पण त्याचे रोप दुबळे निघते. दाणा काही बदलता येत नाही. पाणी मात्र बदलता येते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळविले की एक लिटर द्रावणाचे वजन तेवढ्याच साध्या पाण्यापेक्षा सुमारे 20 ग्रॅमने वाढते, आणि एवढ्याशा फरकाने त्या तोतयांपैकी पुष्कळांचे सोंग उघडे पडते.

साध्या पाण्यातून तावून सुलाखून निघालेले म्हणून एका शेतकऱ्याने मोठ्या अभिमानाने आणलेले भात मी घंगाळात ओतले आणि हाताने चांगले ढवळले, कारण तुसाला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटले नाहीत तर चांगला दाणाही उगाच वर येतो. पाणी स्थिरावताच पृष्ठभागावर दाण्यांचा तवंग जमला. मालकाने त्यातले काही उचलून नखाने सोलले. आत सुरकुतलेला, अपुरा तांदूळ होता. तो काही बोलला नाही, पण घंगाळाजवळून हललाही नाही.

इतक्यात मागच्या रांगेतून एका वृद्धाने विचारले, “साहेब, मग मीठ इकत कशाला घ्यायचं? खाडी दारात हाय.” मंडळी हसली, मला मात्र प्रश्न अतिशय मार्मिक वाटला. समुद्राच्या पाण्यात क्षाराचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, घनता सुमारे 1.025, म्हणजे खात्याच्या द्रावणाची जवळजवळ सख्खी बहीण. दप्तरातील काचेची घनतामापी बरोबर होतीच. भरतीचे पाणी मागवून तिने मोजून पाहिले, तर दोन्ही पाण्यांत नाव घेण्याजोगा फरक दिसेना. तरीही मी मिठाचाच आग्रह धरला, कारण खाडीचे पाणी ओहोटीला निराळे, आत गेल्यावर निराळे आणि पहिल्या पावसानंतर तर अगदीच निराळे.

जपानात योकोइ तोकियोशी यांनी 1882 मध्ये ही निवडपद्धत सिद्ध केली. तेथील द्रावण कितीतरी तीव्र, 1.13 घनतेचे असते. आपल्याकडे डॉ. पंजाबराव देशमुखांनी कृषिमंत्री असताना जपानी भातशेतीचा जो हिरिरीने पुरस्कार केला, त्यातून हा विधी गावोगाव पोहोचला.

मिठाने बी मरेल ही शंका अगदीच निराधार नव्हती, परंतु शेतातील क्षार मुळांशी महिनोन् महिने ठाण मांडून बसतो, तर येथे काही मिनिटांचाच संबंध येतो. ज्यांच्या घरी अद्याप घरचेच भात बियाण्यास ठेवतात, त्यांनी येत्या रोहिणीत हा प्रयोग अवश्य करावा. मात्र तळाचे बियाणे लगेच उपसून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि उन्हात न टाकता चोवीस तास सावलीतच वाळवावे.